उणे ४३०० दिवस

माझ्या भाच्याच्या दुकानात रोज सकाळी साडेनऊला १ जानेवारी २०१२ उजाडते. बाहेर एरंडोलच्या हायवेवर मे महिन्याचं ऊन डांबराला घाम फोडत असतं, समोरचा रसवंतीवाला घुंगरं वाजवत असतो, आणि आत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मध्यरात्र. नवं वर्ष नुकतंच लागलेलं. भाचा मोबाइल काढतो, तारीख बघतो, माउसने चार-पाच टिचक्या मारतो आणि बारा वर्षांचं अंतर दोन मिनिटांत पार करतो. मग अगरबत्ती लावतो. मी त्याला एकदा म्हणालो, “आधी अगरबत्ती लाव, मग तारीख बदल.” तो म्हणाला, “मामा, देवाला कुठल्या सालची दाखवू?”

दुकान म्हणजे तालुक्याच्या गावाला असतं तसंच: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅनकार्ड, लग्नपत्रिका. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. पंख्याखालची खुर्ची, फुकटचा पेपर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या फॉर्ममधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणं, एवढ्यावर मी तिथे असतो. तारखेच्या या भानगडीत मी पडलो नसतो. पण एकदा भाचा उशिरा आला आणि मी तारीख न बदलताच नेट लावलं. एकही सरकारी पान उघडेना. कॉम्प्युटर म्हणाला, ही साइट विश्वासाची नाही. मला आनंद झाला, कारण हे मी बरीच वर्षं सांगत होतो. भाच्याने आल्यावर उलगडा केला. प्रत्येक सुरक्षित साइट आपल्याबरोबर एक प्रमाणपत्र बाळगते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. आपलं यंत्र २०१२ सालात बसलेलं. त्याच्या हातात २०२४ चं प्रमाणपत्र दिलं तर ते म्हणणारच, की बाबा, हे अजून जन्माला यायचं आहे.

“मग नेटवरूनच वेळ का घेत नाही ते?” मी विचारलं.

तशी सोय आहे म्हणे. विंडोज अधूनमधून लांबच्या एका घड्याळाला वेळ विचारतं आणि आपलं जुळवून घेतं. मात्र मूळ सेटिंगप्रमाणे घरगुती कॉम्प्युटरसाठी फरकाची मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. त्याहून जास्त फरक दिसला की ते हात वर करतं. दोन मिनिटं मागे असाल तर सुधारून देऊ; बारा वर्षं मागे असाल तर तुमचं तुम्ही बघा. शाळेत असले वर्ग मी पुष्कळ पाहिले. हुशार मुलांना जादा तास आणि ढ मुलांना दाराबाहेर.

दोष सगळा एका सेलचा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना कॉम्प्युटरच्या घड्याळाला तोच जागं ठेवतो. तो मेला की घड्याळ रात्री झोपतं आणि सकाळी बोर्डाच्या कारखान्यात जी तारीख ठोकून दिली असेल तीच सांगत उठतं. भाच्याच्या बोर्डात ठोकली आहे १ जानेवारी २०१२. शेजारच्या दुकानातल्या बोर्डात २००९. आमच्या एका गल्लीत अशी तीन-चार सालं एकाच वेळी चालू असतात.

“बदलून टाक की सेल. किती असा महाग आहे?”

“महाग नाही मामा. पण खोकं उघडावं लागतं. रोजची दोन मिनिटं परवडतात.”

हे उत्तर खास एरंडोलचं नाही, हे मला मान्य आहे. सेलवर सीआर २०३२ असं छापलेलं असतं. त्यातले वीस म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी आणि बत्तीस म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाडी. आमच्याकडे मात्र त्याचा अर्थ ‘२०३२ पर्यंत गॅरंटी’ असा लावून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या सेलच्या जिवावर नाचतो तो क्वार्ट्झचा एक बारीक चिमटा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा कुणा ज्योतिष्याने दिलेला नाही. एकाची दुप्पट, तिची दुप्पट, असं पंधरा वेळा केलं की ३२,७६८ येतात. उलट पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद. दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत देशाची वेळ राखणारी सिझियमची घड्याळं आहेत. त्यांच्यात सेकंद म्हणजे ९,१९,२६,३१,७७० हेलकावे. तो घराण्याचा गवई, आणि आमचा हा भजनी मंडळातला टाळकरी. ठेका धरतो, पण हवामान मानवावं लागतं. हा चिमटा साधारण २५ अंशांवर खुशीत असतो. त्याहून गार झालं तरी मंदावतो, गरम झालं तरी मंदावतो. खोक्यात ४५ अंश झाले की दिवसाला सेकंदभर मागे पडतो. खान्देशात मे महिन्यात माणसाचंही तेच होतं. पण माणूस सेकंदावर थांबत नाही, चांगला चार वाजेपर्यंत उठत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमचा कारभार त्याहून मजेचा. कॉम्प्युटर सुरू झाला की ती या घड्याळाला एकदाच विचारते, “किती वाजले?” आणि मग दिवसभर स्वतःच मोजत बसते. आमच्या एका हेडमास्तरांचं असंच होतं. सकाळी गेटवर शिपायाला वेळ विचारायचे आणि मग घंटा स्वतःच्या अंदाजाने द्यायचे. शिपायाचं घड्याळ चुकलं तर अख्खी शाळा चुकली, आणि कुणालाच कळत नव्हतं, कारण सगळे मिळून चुकलेले.

यंत्राच्या एका बारीक खोडीने मोठा हिशोब फिसकटायची परंपरा आमच्या जिल्ह्याला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे आहे, शके ११२८ चा, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा तर घरोघर माहीत. मुहूर्त एकच, तो चुकला तर लग्न नाही. म्हणून आचार्यांनी घंगाळात घटिकापात्र सोडलं. बुडाला भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की घटका झाली. मुलगी कौतुकाने वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती सुटून वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. वाटी बुडेचना. मुहूर्त निघून गेला. दंतकथाच ही, फैझीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्यात ती सापडते. खरी-खोटी जाऊ दे. पण देशातला मोठ्यातला मोठा गणिती, हिशोब एकदम चोख, आणि घड्याळात कचरा. कॉम्प्युटरवाले आज ज्याला सिस्टीम क्लॉकचा घोटाळा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मधल्या काळात भाच्याला कुणीतरी फुकटचं लिनक्स दिलं. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स. चालू करताना यादी यायची, हवं ते निवडायचं. मला हा प्रकार दोन जावांनी एका चुलीवर संसार करण्यासारखा वाटला, आणि झालंही तसंच. विंडोजबाईंची समजूत अशी की मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं, म्हणजे आपली भारतीय प्रमाणवेळ. लिनक्सबाई म्हणतात, छे, घड्याळात जागतिक वेळच ठेवायची; साडेपाच तास कुठे मिळवायचे ते आम्ही आमचं बघू. दोघीही आपापल्या जागी बरोबर. पण घड्याळ एक. लिनक्सबाईंनी रात्री जाताना आपल्या पद्धतीने डबा भरून ठेवला की सकाळी दहाला विंडोजबाई उठून म्हणायच्या, साडेचार वाजलेत. ब्राह्ममुहूर्त! मग त्या ते दुरुस्त करून ठेवायच्या, की दुसऱ्या दिवशी लिनक्सबाई सकाळी दहाला जाहीर करायच्या, दुपारचे साडेतीन. असं आठवडाभर चाललं. शेवटी भाच्याने एकीला सांगून मिटवलं. धाकटी ऐकते म्हणून तिलाच सांगितलं, हेही घरच्यासारखंच.

साडेपाच तासांचा हा हट्ट तरी कुठे आपला आहे? भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, ती ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची. मुंबईने ती मानायला साफ नकार दिला आणि ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालवली. एरंडोल ७५ अंशांच्या थोडं पुढे. सूर्याचं ऐकायचं तर आमचं घड्याळ अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं मागे हवं. विंडोजच्या यादीत आमच्या वेळेला नाव आहे ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’. लिनक्समध्ये तर नुसतं ‘आशिया/कोलकाता’. एरंडोल कुठेच नाही. ही म्हणे एकचक्रानगरी; पांडव इथे राहिले, भीमाने इथे बकासुर मारला, त्याच्या खुणा पद्मालयाच्या बाजूला आजही दाखवतात. आणि वेळ विचारायची तर कोलकात्याला.

आता एक्सेल. इथे मात्र मला बसून घेऊ द्या, कारण या विषयात माझी चूक झाली आहे आणि ती सांगण्याआधी थोडं पांडित्य दाखवून घेतलेलं बरं.

एक्सेलला तारीख कळत नाही. त्याला फक्त दिवसांचा आकडा कळतो. १ जानेवारी १९०० हा एक नंबरचा दिवस, तिथून मोजत यायचं. ९ मे २०२४ म्हणजे ४५,४२१. तासबिस म्हणजे त्याचे अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा. हे ऐकल्यावर मी भाच्याला म्हणालो, “अरे, हा तर अहर्गण!” त्याला वाटलं मी शिवी दिली. पंचांगवाल्यांची ही जुनी रीत. एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस लोटले ते मोजायचं, मग ग्रह कुठे आहेत ते काढायचं. कलियुगाच्या आरंभापासून मोजलं तर अठरा लाखांच्या वर आकडा जातो, गुणाकार करता करता माणूस म्हातारा होतो. म्हणून करणग्रंथ लिहिणारे जवळचा दिवस धरत. भास्कराचार्यांनी वयाच्या ६९व्या वर्षी ‘करणकुतूहल’ लिहिलं त्यात शके ११०५ धरलं. एक्सेलने १९०० धरलं. मॅक कॉम्प्युटरवरचं जुनं एक्सेल १९०४ धरायचं. त्यामुळे एकातली तारीख उचलून दुसऱ्यात टाकली की १,४६२ दिवसांचा फरक. माणूस बसल्या जागी चार वर्षांनी लहान किंवा मोठा. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांच्यात एखाद्या साली गणपती महिनाभर पुढे-मागे होतो तर गावात दोन तट पडतात. इथे चार वर्षं, आणि कुणी हूं की चूं नाही.

त्यातही गंमत अशी, की एक्सेलच्या पंचांगात एक वृद्धी तिथी आहे. ६० नंबरचा दिवस: २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस जगात कधी झालाच नाही. शतकाच्या सालाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष. १९०० ला जात नाही. पण १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या जुन्या हिशोबी प्रोग्रामने ते लीप धरलं होतं. लोटसच्या फायली आपल्याकडेही बिनतक्रार चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी ठेवली. पूर्वजांची चूक दुरुस्त करायची नाही, तिला परंपरा म्हणायचं, हे आमच्याकडचे लोक तिकडे जाऊन शिकवून आले की काय कोण जाणे. तेव्हापासून एक्सेलमधल्या १९०० सालच्या पहिल्या दोन महिन्यांचे वार चुकलेले आहेत. १ जानेवारी १९०० ला सोमवार होता. एक्सेल म्हणतं, रविवार. एक सुट्टी जास्त मिळते म्हणून मी मास्तर या नात्याने ते सोडून दिलं.

पण त्याची दुसरी एक खोड सोडवत नाही. तिरपी रेघ दिसली की त्याला तारीख दिसते. गट नंबर ११/२ लिहा, २ नोव्हेंबर. आणि एकदा भाच्याने एका शेतकऱ्याच्या कागदांची यादी करताना रकान्यात ७/१२ असं लिहिलं. एंटर दाबलं. एक्सेलने अख्ख्या महाराष्ट्राच्या जमिनीचा उतारा १२ जुलै करून टाकला! ७ डिसेंबरसुद्धा नाही, कारण यंत्र अमेरिकन रिवाजावर होतं, आधी महिना मग दिवस. त्या रिवाजाने महिन्याच्या पहिल्या बारा तारखा मुकाट्याने उलट्या होतात, ९ मेचा ५ सप्टेंबर होतो, आणि तेरा तारखेपासून पुढे तेरावा महिना सापडत नाही म्हणून तारखा रकान्याच्या डाव्या भिंतीला चिकटून नुसती अक्षरं होऊन बसतात. म्हणजे बाराव्यापर्यंत सगळं गोड, तेराव्याला बोंब. यात आमचंच अडाणीपण असेल म्हणून मी गप्प होतो. पण मग कळलं, माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती आणि एक्सेल त्यांनाही तारखा करायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे जिथे जनुकं वाकली तिथे सातबारा काय टिकणार?

साल दोन आकडी लिहिलं तर ते स्वतःच शतक ठरवतं. २९ पर्यंत या शतकात, ३० पासून मागच्या. १९२८ सालची एक आजी यादीत आली, भाच्याने नुसतं २८ लिहिलं, आणि आजीचं वय उणे चार निघालं. आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, सगळं पहिल्यापासून करता येईल.

पण थांबा. दुसऱ्याच्या यंत्राला हसण्याआधी आपलं तपासलेलं बरं. आमच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारखा बघा. १ जून. १ जून. १ जून. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, बैल वारला त्या साली, पेरण्या व्हायच्या होत्या. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि दाखल्यावर ठोकून द्यायचे: १ जून. हे आमचं १ जानेवारी २०१२. सेल नसलेल्या माणसांना कारखान्यातून आलेली तारीख. माझी स्वतःचीही १ जूनच. त्या हिशोबाने आम्ही सगळे एका दिवशी जन्मलो आणि ३१ मेच्या एका संध्याकाळी, एकाच मांडवात, नारळ-शाल घेऊन एकदम निवृत्त झालो. माझी आई सांगायची, तू आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झालास. पण आखाजी हा शब्द रकान्यात घातला तर एक्सेल त्याला डाव्या भिंतीला लावून ठेवतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खान्देशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. ती आमच्याकडे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घागरी भरतात. आणि सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. वर्षाचा सौदा त्या दिवशी संपतो आणि त्याच दिवशी नवा होतो. आता ही भानगड कुणाच्या लक्षात आली नसती, पण एका सालदाराच्या पोराने, तो कॉलेजात जातो, भाच्याच्या दुकानात बसून दोन रकान्यांत दोन आखाज्यांच्या तारखा घातल्या. २२ एप्रिल २०२३ आणि १० मे २०२४. वजा केलं. ३८४ दिवस! मध्ये अधिक श्रावण होता. पुढची आखाजी ३० एप्रिल २०२५ ला; ते वर्ष ३५५ दिवसांचं. बापाने एकाच वर्षाच्या पैशांत १९ दिवस जादा राबलेले आहेत, हे पोराला एका वजाबाकीत दिसलं. तो कागद छापून घेऊन गेला. मालकाने काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण नंतर महिनाभर मालक भाच्याशी बोलत नव्हता.

हा वादही पांडवांइतका जुना. अज्ञातवास संपायच्या आतच अर्जुन ओळखला गेला, असा दुर्योधनाचा दावा होता. भीष्मांनी हिशोब केला: पाच वर्षांत दोन अधिक महिने, तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री, तेव्हा मुदत कधीच उलटली. दुर्योधन एका सूत्राने मोजत होता आणि भीष्म दुसऱ्या. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता माझी चूक.

आखाजीच्या आदल्या दिवशी, ९ मे २०२४ ला, भाचा बहिणीला आणायला मुराळी म्हणून शिरपूरला गेला आणि दुकान माझ्यावर सोपवून गेला. “नेटचं काही करू नका मामा, फक्त झेरॉक्स काढा. आणि दादांच्या उधारीच्या पावत्या कुणी मागायला आलं तर एक्सेल उघडून प्रिंट मारा. आकडे आपोआप येतात.” दादा म्हणजे कोपऱ्यावरच्या कृषी केंद्राचे मालक. बी-बियाणं, खतं उधारीवर, महिना दीड टक्का व्याज, आणि आखाजीच्या तोंडावर वसुली. हिशोब भाच्याच्या यंत्रात.

आकडे आपोआप कसे येतात? भाच्याने सूत्र घातलं होतं. एक्सेलमध्ये ‘टुडे’ म्हटलं की ते सिस्टीमच्या घड्याळाला विचारून आजची तारीख लिहितं, आणि फाइल उघडली की दर वेळी पुन्हा नव्याने विचारतं. आज उणे उधारीची तारीख बरोबर दिवस. दिवस गुणिले दर, झालं व्याज. फार सुंदर. सुरुवातीला भाच्याने हेच सूत्र पावतीच्या तारखेच्या जागीही वापरलं होतं आणि जुनी कुठलीही पावती छापली तरी माल आजच नेलेला दिसायचा. सहा महिने सगळा तालुका रोज सकाळी नव्याने खत विकत घेत होता. ती चूक त्याने सुधारली. व्याजाचं सूत्र मात्र बरोबर होतं, म्हणून तसंच राहिलं.

मी यंत्र सुरू केलं. तारीख बदलायची मी विसरलो. नेट लावायचंच नव्हतं, त्यामुळे यंत्राने तक्रारही केली नाही.

साडेदहाच्या सुमाराला एक आप्पा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. १० ऑक्टोबर २०२३ ला वीस हजारांचा माल उचललेला. मी प्रिंट मारली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचली. मुद्दल २०,०००. दिवस उणे ४,३००. व्याज उणे ४२,४११. एकूण देणे उणे २२,४११.

“मास्तर, हाई उणे काय शे?” आप्पांनी विचारलं.

मी मराठीचा मास्तर. उणे म्हणजे काय, हे मी आयुष्यभर शिकवलं आहे. मी म्हणालो, “देणं उणे, म्हणजे येणं.”

“म्हंजे तो माले देणार शे?”

मी कागद पुन्हा वाचला. कॉम्प्युटरचा कागद, छापील, रुपये-पैसे एका ओळीत. एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं गाव. कागदावर उतरलं ते खरं, हे आमच्या हाडात आहे. मी म्हणालो, “कागद तर तसंच म्हणतो.”

आप्पांनी फार वेळ घालवला नाही. कागदाची चौघडी केली, टोपीत ठेवली आणि थेट कृषी केंद्रावर गेले. पाच मिनिटांत ते आणि दादा दोघेही दुकानात हजर. मागे बघे सात-आठ. दादांनी कागद चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

“मास्तर, तुम्ही गणित शिकवायचे की मराठी?”

“मराठी.”

“तरीच.”

मग सगळ्यांनी मिळून पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात तारीख. यंत्राच्या मते आज १ जानेवारी २०१२, म्हणजे ४०,९०९ वा दिवस. आप्पांनी माल उचलला तो ४५,२०९ वा. वजाबाकी बिनचूक. आप्पांनी खत नेलं ते अजून ४,३०० दिवसांनी नेणार होते, आणि दादांकडे तोवर त्यांचे पैसे जणू बिनवापर पडून, म्हणून व्याज दादांनीच द्यायचं. मला तर त्यात काही खोट दिसेना. दादांना दिसली.

मोबाइल बघून मी तारीख बदलली. ९ मे २०२४. फाइल बंद करून पुन्हा उघडली, तसे पडद्यावरचे आकडे सगळ्यांच्या देखत पालटले. दिवस २१२. व्याज २,०९१. एकूण देणे २२,०९१. बघ्यांतला एक जण म्हणाला, “घड्याय फिरी गयं तं पैसा बी फिरी गयात.” आप्पांनी पडद्याकडे असं पाहिलं, जसं लागलेलं तिकीट जुन्या सोडतीचं निघाल्यावर माणूस पाहतो.

सकाळपासून मी आणखी दोन पावत्या दिल्या होत्या, हे मी त्या वेळी बोललो नाही. ते दोघे अजून हिशोबाला आलेले नाहीत. दादांनी विचारलं तर कापसाला भाव आला की येऊ म्हणतात.

संध्याकाळी भाचा बहिणीला घेऊन परतला. बाजारपेठेत बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्याने मुकाट्याने खोकं उघडलं, मेलेला सेल नखाने उचकटून टेबलावर ठेवला आणि नवा बसवला. यंत्र सुरू केलं. नवा सेल जागा झाला आणि त्याने पहिलीच तारीख सांगितली: १ जानेवारी २०१२. “आता शेवटचं सेट करायचं मामा,” भाचा म्हणाला. “मोबाइल चार्जिंगला आहे. आज किती तारीख?” मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. एप्रिलचं पान होतं. ते उलटायचं काम माझ्याकडे आहे.

तेवढ्यात आप्पा आले. बावीस हजार एक्क्याण्णव रुपये दादांना मोजून दिल्याचं सांगितलं, आखाजीचं घरी या म्हणाले. उणे आकड्यांचा तो कागद टोपीत तसाच होता. दादांनी मागितला होता, यांनी दिला नव्हता. जाता जाता त्यांची नजर टेबलावरच्या जुन्या सेलवर गेली. उचलला, उन्हाकडे धरून पाहिला आणि जपून माझ्या हातावर ठेवला.

“फेकू नको मास्तर,” ते हळूच म्हणाले. “पुढली आखाजीले लागी.”